जेफ बेकचे अल्बम : सगळे ठेवायचे की निवडक?

रेकॉर्डखाऊ

सरळ मुद्द्यावर येतो. जेफ बेक माझ्या मते रॉकमधला सगळ्यात मोठा गिटारवाला, आणि तरीही त्याचा एकही अल्बम असा नाही की पिन ठेवली आणि शेवटपर्यंत उठावंसं वाटलं नाही. होय, 'ब्लो बाय ब्लो' धरून बोलतोय. शिव्या घालायच्या असतील तर खाली भरपूर जागा आहे.

पाऊस तोंडावर आलाय, म्हापश्यातल्या आमच्या घरात जून लागला की भिंती घाम गाळतात, म्हणून कपाट रिकामं करायला घेतलं तर बेकचा अख्खा गठ्ठा हाताला लागला. एलपी, कॅसेटी, सीड्या सगळं मिसळलेलं. मग आवरणं राहिलं बाजूला आणि १९६८च्या 'ट्रुथ'पासून क्रमाने ऐकत सुटलो. माझं मत असं : 'ट्रुथ' अर्धा चांगला. 'बेक-ओला'त आवाज जास्त, गाणी कमी. १९७१-७२चे दोन बरे आहेत पण गायक मध्ये मध्ये येतो. 'ब्लो बाय ब्लो'ची दुसरी बाजू सोनं, पण पहिल्या बाजूवर बीटल्सच्या गाण्याची ती टॉकबॉक्सवाली (तोंडातल्या नळीने गिटार 'बोलती' करायची) करामत आता ऐकवत नाही. 'फ्लॅश' ऐकताना तर मलाच अवघडल्यासारखं झालं. 'गिटार शॉप'मध्ये एक गाणं देवाघरचं आणि बाकी ड्रमचा धुरळा.

तर विचार असा चाललाय की फार तर तीन अल्बम ठेवायचे, बाकीच्यातले तुकडे निवडून नव्वद मिनिटांचा एक संग्रह करायचा आणि उरलेलं वाटून टाकायचं. तुम्ही कुठले तीन ठेवाल? आणि गिल्मोर, क्लॅप्टन असले दुसरे गिटारवाले सांगायला कोणी येऊ नका, त्यांचं कपाट वेगळं आहे.

डिचोलीकर

एवढी यादी केलीस आणि 'वायर्ड'चं नाव पण नाही घेतलंस मरे! ऐकलायस ना नक्की, की कव्हर बघून परत आत ठेवलास?

सुंगटाची_कढी

गिल्मोर.

रेकॉर्डखाऊ

@सुंगटाची_कढी, आलास का, वाटलंच होतं.

@डिचोलीकर, 'वायर्ड'वर यायचंय अजून, त्या एलपीच्या कडेला बुरशी आलीय, पुसून मग लावणार.

मांडवीकाठ

'ट्रुथ' अर्धा चांगला म्हणणाऱ्याला आमच्या काळात कट्ट्यावरून उठवला असता. :)

अरे बाबा, तो अल्बम आला तेव्हा लेड झेपेलिनचा पहिला अल्बम बाजारात यायला अजून काही महिने होते. 'यू शूक मी' दोन्हीकडे आहे, आधी बेकने केलं, मग जानेवारी १९६९ मध्ये झेपेलिनचा गिटारवाला जिमी पेजच्या मंडळींनी. आणि गंमत म्हणजे बेकच्या रेकॉर्डवर ऑर्गन वाजवलाय जॉन पॉल जोन्सने, म्हणजे झेपेलिनचाच माणूस! जड ब्लूज, वर किंचाळणारा गायक आणि त्याला उत्तर देणारी गिटार हा सगळा साचा रॉड स्ट्युअर्ट आणि बेकने तिथे मांडून ठेवला होता. गायकाचं आणि गिटारवाल्याचं पटलं नाही, बँड फुटला, आणि पैसा दुसऱ्यांनी केला.

आणि 'बेक्स बोलेरो'? ते तर १९६६ सालचं रेकॉर्डिंग. जिमी पेज बारा तारांच्या गिटारवर, जॉन पॉल जोन्स बेसवर, निकी हॉपकिन्स पियानोवर आणि ड्रमवर हू बँडचा कीथ मून. मध्येच मून एक आरोळी ठोकतो आणि गाणं उलटंपालटं होतं, ती जागा हेडफोन लावून ऐक. तेवढ्यासाठी तरी 'ट्रुथ' कपाटात राहिलाच पाहिजे.

आम्ही हे पहिल्यांदा ऐकलं ते एका दर्यावर्दी शेजाऱ्यामुळे. गोव्यात तेव्हा अशा रेकॉर्डी दुकानातून कमी आणि जहाजावरून जास्त यायच्या, ज्याचा भाऊ किंवा तियो (काका) 'बोटीवर' त्याच्या बालकांवात, म्हणजे व्हरांड्यात, संध्याकाळी गर्दी.

वास्कोवाली

@मांडवीकाठ काका, बोटीवरचं अगदी खरं. आमच्याकडे चॉकलेटं, साबण आणि रेकॉर्डी एकाच ट्रंकेतून यायच्या, अजून काही कव्हरांना साबणाचा वास आहे.

@रेकॉर्डखाऊ, आधी बुरशीचं बघ, मतं नंतर. एलपी असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं लिक्विड सोपचं बोट, मऊ मायक्रोफायबर, आणि पुसायचं खाचेच्या दिशेने, गोल, आडवं नाही. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. मग उभी ठेवून सावलीत वाळव. आतलं कागदी पाकीट फेकूनच दे, बुरशी त्यातच बसलेली असते, नवीन पाकीट घाल. कॅसेटची बुरशी टेपच्या कडेला पांढरी रेघ दिसते तशी असते, ती तशीच लावलीस तर हेडवर जाईल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल. सीडीचं म्हणशील तर कव्हरमधली पुस्तिका आधी बाहेर काढ, ओल ती धरते. सीडी खाणारी बुरशी पण असते बरं का, मध्य अमेरिकेत बेलीझच्या एका सीडीवर संशोधकांना सापडली होती, आपल्या हवेत ती आली तर जाणारच नाही.

आणि तीन अल्बमांत माझं मत 'लाइव्ह ॲट रॉनी स्कॉट्स'. लंडनच्या जॅझ क्लबात २००७ सालच्या नोव्हेंबरमध्ये वाजवलेलं आहे, छोटी जागा, लोक हाताच्या अंतरावर. बेसवर ताल विल्केनफेल्ड, तेव्हा जेमतेम विशीची पोर. 'कॉज वी हॅव एंडेड ॲज लव्हर्स'मध्ये बेक तिला सोलो देतो आणि स्वतः बाजूला उभा राहून हसत बघत बसतो, व्हिडिओ बघ. साठी पार केलेला माणूस, त्याला काय सिद्ध करायचं राहिलेलंच नव्हतं.

पेडण्याचा_पोर

वाचायला मजा येतेय पण एक प्रश्न, राग मानू नका. हे ठेवायचंच कशाला? सगळं फोनवर आहे ना. बुरशी नाही, पाकीट नाही, पावसाची भीती नाही.

सुंगटाची_कढी

@पेडण्याचा_पोर, पेडण्यात जुलैमध्ये करंट आणि नेटवर्क दोन्ही एकदम असतात का रे? असतील तर मी शिफ्ट होतो.

पेडण्याचा_पोर

नसतात :( पण डाउनलोड करून ठेवतो.

रेकॉर्डखाऊ

@पेडण्याचा_पोर, राग कसला. फोनवर 'ब्लो बाय ब्लो' लावलास तर निर्माता कोण, कीबोर्डवर कोण, हे बघायला तू जाशील का? मी गेलो नसतो. कव्हर हातात होतं म्हणून वाचलं आणि बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन दिसला, तेव्हा कळलं की 'डायमंड डस्ट'मागचे ते व्हायोलिनांचे ढग कुठून आलेत.

घुमटवाला

मी खरं म्हणजे रॉकवाला नाही. फोंड्याकडचा, भजन, आरत्या, घुमट आणि थोडी पेटी एवढंच. पण भाच्याने एकदा 'व्हेअर वेअर यू' ऐकवलं ('गिटार शॉप', १९८९, तेच ना धागाकर्ते, देवाघरचं?) आणि मी त्याला म्हटलं की हा माणूस गातोय. स्वर लागतो तो खालून येऊन लागतो, मध्ये कुठे तुटत नाही, आणि लागल्यावर तिथे थांबून थोडा हलतो. ही सरळ मींड आहे. गिटारला पडदे असतात, पडद्यावर बोट ठेवलं की स्वर ठरलेला, मग हा मधल्या जागा कुठून काढतो हे मला कळेना. जाणकारांनी सांगावं.

चौथा_फ्रेट

@घुमटवाला, सांगतो, कारण मी त्या गाण्यापायी हात मोडून घेतलेत.

तो पडद्यावरचा स्वर वापरतच नाही बहुतेक वेळा. तारेला ठरावीक जागी नुसतं हलकं बोट टेकवून छेडलं की घंटेसारखा वरचा स्वर निघतो, त्याला हार्मोनिक म्हणतात. आता हे स्वर मोजकेच मिळतात, त्यातून सुरावट होत नाही. मग तो काय करतो, गिटारच्या पुलाला जी दांडी असते ना, व्हॅमी बार, ती दाबून किंवा उचलून त्या एका हार्मोनिकचा स्वर वरखाली नेतो. म्हणजे सुरावटीतले अर्धे स्वर दांडीवर मोजून काढलेले आहेत, कुठे खूण नाही, पडदा नाही, सगळा कानाचा भरवसा. त्यात उजव्या हाताच्या करंगळीने व्हॉल्यूमचं बटण फिरवत असतो, आधी बंद, तार छेडली की हळूच उघडायचं, त्यामुळे टणत्कार ऐकूच येत नाही, नुसता स्वर उगवतो. म्हणून तुम्हाला गाणं वाटलं. आणि हे सगळं पिक (तार छेडायची चकती) न वापरता, ऐंशीच्या दशकात त्याने पिक सोडला, अंगठा आणि बोटं, त्यातल्याच एका बोटात दांडी धरलेली.

पण मींड म्हणू नका हो. प्रत्येक परदेशी गिटारवाल्याने तार ओढली की आपण 'बघा, आपलंच' म्हणतो. ते गाणं त्याला बल्गेरियातल्या बायकांच्या कोरसवरून सुचलेलं आहे.

घुमटवाला

बल्गेरिया तर बल्गेरिया. कानाला जे लागलं ते लागलं, नाव तुम्ही ठेवा.

डिचोलीकर

@चौथा_फ्रेट, तुझं पटलं अर्धं. बेकला भारतीय कानाची हवा थेट लागली नसेल, पण महाविष्णू ऑर्केस्ट्रावाल्या गिटारिस्ट जॉन मॅक्लॉफ्लिनमार्फत लागली ना! १९७५ मध्ये तो महाविष्णू ऑर्केस्ट्राबरोबर दौऱ्यावर होता, आणि त्याच ऑर्केस्ट्राचा जुना कीबोर्डवाला यान हॅमर पुढे 'वायर्ड'वर आला, ड्रमर नारदा मायकेल वॉल्डेन पण तिथलाच, 'वायर्ड'वरची आठातली चार गाणी त्याची आहेत. हॅमर सिंथेसायझरवर गिटारसारखे स्वर वाकवतो आणि बेक गिटारवर सिंथेसायझरसारखे. 'ब्लू विंड' ऐक, त्यात दोघंच आहेत, ड्रम पण हॅमरनेच बडवलेत, पहिल्यांदा ऐकताना कोण कुठला ते कळत नाही.

आणि 'गुडबाय पोर्क पाय हॅट'. मूळ चार्ल्स मिंगसचं, सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगच्या आठवणीत केलेलं. बेकने त्यात स्वतःचं काही मिरवलं नाही, प्रत्येक वाक्य वेगळ्या आवाजात म्हणतो, एकदा स्वच्छ, एकदा घोगरं, एकदा पार फाटलेलं. ज्याला अल्बमभर उठावंसं वाटू नये असा अल्बम पाहिजे त्याने 'वायर्ड' लावावा. चाळीस मिनिटं पण नाहीत, उठायला वेळच मिळत नाही.

मांडवीकाठ

भारतीय कानाचा विषय निघालाच आहे तर 'नादिया' विसरू नका. २००१च्या 'यू हॅड इट कमिंग'वर आहे. मूळ नितीन साहनीचं, गायलंय स्वाती नाटेकर यांनी. बेकने तो गळा जसाच्या तसा दांडीवर उतरवायचा प्रयत्न केलाय, हरकती सकट. @चौथा_फ्रेट, इथे तरी मींड म्हणायला परवानगी आहे का?

चौथा_फ्रेट

इथे आहे :) पण मूळ आधी ऐका, मग बेक. उलट केलंत तर मूळ गायिकेवर अन्याय होतो.

घुमटवाला

रात्री दोन्ही ऐकलं. मूळच चांगलं आहे. पण लोखंडाच्या दांडीवर एवढं निघतं हेच मोठं.

थोडं विषयांतर करतो. गोव्याचा गळा आणि रॉकची गिटार आधीच एका रेकॉर्डवर आहेत, माहीत आहे ना? १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून सोन्याचा मुलामा दिलेली जी रेकॉर्ड पाठवली, तिच्यावर आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहां हो' ही भैरवी आहे, आणि त्याच रेकॉर्डवर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' पण आहे. सूर्यमालेच्या पलीकडे दोघं बरोबर चाललेत.

वास्कोवाली

वा! तिथे बुरशीचा पण प्रश्न नाही.

सुंगटाची_कढी

गिल्मोर नाही ना त्यावर? मग अपूर्ण आहे.

पेडण्याचा_पोर

तुमच्यामुळे काल 'वायर्ड' फोनवर ऐकला. 'लेड बूट्स'चा ठेका मोजता मोजता बस पर्वरीला पोचली, उतरायचं राहिलं. पण 'लव्ह इज ग्रीन' काय आहे शेवटचं? ते बेकचं वाटतच नाही.

डिचोलीकर

@पेडण्याचा_पोर, शाबास. तिथे तो ॲकूस्टिक गिटार वाजवतो, पियानो वॉल्डेनचा. एवढी धावपळ झाल्यावर त्या गाण्यात सगळे दम खातायत.

साष्टीकर_मावशी

उशिरा आले, सगळं वाचलं. मला वाटतं धागाकर्त्याचा प्रश्नच वेगळ्या बाजूने बघायला हवा. तुम्ही सगळे बेकचे अल्बम बेकच्या नावाने लावताय. मी तीस वर्षं चर्चच्या कॉयरला ऑर्गनवर साथ केली, त्यामुळे माझं लक्ष नेहमी साथीदाराकडे जातं, आणि मला दिसतं ते असं की बेक स्वतः फार गाणी लिहिणारा नव्हताच. त्याला कोणीतरी घर बांधून द्यावं लागायचं, मग तो आत शिरून जे करायचा ते दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. आणि ते घर जवळजवळ दर वेळी कीबोर्डवाल्याने बांधलंय.

बघा ना. १९७१ पासून मॅक्स मिडलटन, त्याच्यामुळे तो जॅझकडे वळला आणि 'ब्लो बाय ब्लो' झाला. मग यान हॅमर. 'देअर अँड बॅक'वर (१९८०) तीन गाणी हॅमरची आणि बाकी टोनी हायमसची, एकाच अल्बममध्ये घर बदललेलं ऐकू येतं. 'गिटार शॉप'ला तर बेसवादक पण नाही, बेक, टेरी बोझिओ आणि हायमस, बेस हायमसने कीबोर्डवरच वाजवला. 'हू एल्स!' (१९९९) मध्ये पण बरीचशी गाणी त्याचीच. आता कीबोर्डवाला नसलेला अल्बम घ्या, बेसवाला बोगर्ट आणि ड्रमवाला अपिस यांच्याबरोबरचा १९७३चा. नुसता दंगा! 'सुपरस्टिशन' आहे त्यावर, ते स्टीव्ही वंडरने खरं तर बेकसाठी म्हणून केलेलं, पण त्याच्या कंपनीने वंडरचंच आधी बाहेर काढलं आणि ते इतकं गाजलं की बेकचं नंतर येऊन उपयोग काय. तरी वंडरने पुढे 'कॉज वी हॅव एंडेड' दिलं, म्हणजे पुन्हा कीबोर्डवालाच!

तेव्हा तीन ठेवायचे तर तीन साथीदारांचे ठेव : मिडलटनचा 'ब्लो बाय ब्लो', हॅमरचा 'वायर्ड', हायमसचा 'गिटार शॉप'. तुकड्यांचा संग्रह मात्र करू नकोस बाबा. एका गाण्यातून दुसऱ्या घरात उडी मारलीस तर बेक सारखा नवीन माणूस वाटत राहील.

चौथा_फ्रेट

मावशी, दंडवत. गिटारवाला असून हे कधी डोक्यात आलं नाही, आम्ही आपले दांडीकडे बघत बसलो.

मांडवीकाठ

मावशींचं बरोबर पण 'ट्रुथ' कुठे बसवायचा? तिथे घर गायकाने बांधलं होतं.

साष्टीकर_मावशी

@मांडवीकाठ, निकी हॉपकिन्स होता ना पियानोवर. :)

डिचोलीकर

आणि 'क्रेझी लेग्ज'? १९९३चा, जीन व्हिन्सेंटच्या गिटारवाल्या क्लिफ गॅलपची जुनी गाणी त्याने जशीच्या तशी वाजवलीत, स्वतःचं एक वाक्य न घालता. तो मला फार आवडतो. एवढं नाव झालेला माणूस लहानपणच्या हिरोपुढे विद्यार्थी होऊन बसतो.

साष्टीकर_मावशी

तो अभ्यासाची वही आहे. वही ठेवावी, पण वेगळ्या कप्प्यात.

रेकॉर्डखाऊ

'वायर्ड' धुतला (@वास्कोवाली, लिक्विड सोपची युक्ती बेस्ट, कडेची पहिली काही मिनिटं अजून चरचरते पण चालतंय) आणि मावशींच्या हिशेबाने सगळं पुन्हा ऐकलं. कीबोर्डवाल्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण माझं मूळ म्हणणं त्यामुळे उलट पक्कंच झालं ना? घर दुसऱ्याचं, म्हणजे त्यात काही खोल्या रिकाम्या राहणारच. 'गिटार शॉप'मधल्या दोन-तीन गाण्यांत बोझिओ एकटाच राहतोय. 'वायर्ड' मात्र शेवटपर्यंत ऐकला, उठलो नाही, हे डिचोलीकराला सांगून टाकतो म्हणजे त्याला झोप लागेल.

तर ठरलं असं : 'ब्लो बाय ब्लो', 'वायर्ड', 'गिटार शॉप' राहणार. रॉनी स्कॉट्स लाइव्ह म्हणून वेगळा धरतो, तीनमध्ये मोजत नाही. 'ट्रुथ' काकांच्या भीतीने राहणार. 'क्रेझी लेग्ज' वहीच्या कप्प्यात.

सुंगटाची_कढी

तीन ठेवणार होतास, सहा झाले. सुशेगाद चाललंय.

वास्कोवाली

बाकीचं खरंच वाटतोयस का? 'इमोशन अँड कमोशन' असेल तर मला दे. २०१०चा, ऑर्केस्ट्रावाला. त्यातलं 'कॉर्पस क्रिस्टी कॅरोल' माझ्या आईला आवडेल. लोक गुळगुळीत म्हणतात त्याला, म्हणू देत.

रेकॉर्डखाऊ

आहे, दिला. 'फ्लॅश' कोणाला?

पेडण्याचा_पोर

मला. माझ्याकडे प्लेअर नाहीये पण भिंतीवर लावीन.

डिचोलीकर

@पेडण्याचा_पोर, भिंतीवर लावायच्या आधी कोणाकडे तरी जाऊन 'पीपल गेट रेडी' ऐक, रॉड स्ट्युअर्ट परत आलाय त्यात. आणि हॅमरचं 'एस्केप', त्याला ग्रॅमी मिळालं होतं. बाकी बेक स्वतः गातो ती दोन गाणी असू देत भिंतीवर.

चौथा_फ्रेट

बोगर्ट-अपिसवाला मला चालेल, दंगा असला तरी. शुक्रवारी म्हापश्याच्या बाजाराला येतो, तेव्हा घेऊन जाईन.

रेकॉर्डखाऊ

ये, पण अकराच्या आधी. आणि येताना एक बघ, माझ्या टर्नटेबलचा बेल्ट ढिला पडलाय, 'फ्रीवे जॅम' अर्धा सूर खाली वाजतोय. कोणाला म्हापसा-पणजीकडे बेल्ट बदलून देणारा माहीत असेल तर सांगा, आधी जिथे टाकला होता तिथे महिनाभर ठेवून तसाच परत दिला.

वास्कोवाली

मडगावला एक म्हातारे आहेत, घरीच करतात. नंबर व्यनि (खाजगी निरोप) करते. बेल्टची लांबी मोजून ठेव, ते आधी तेच विचारतात.